जावेदच्या वाटचे दोन कट्टे

पिंपळगाव राजाहून आलेला पंजाबराव गोकुळला पहिल्या नजरेतच आवडला नाही. एक तर बसायला टाकलेल्या खाटेवर तो बसला नाही. दुसरं म्हणजे त्याने स्वतःचं बारदान सोबत आणलं होतं. बियाणं घ्यायला येणारे लोक कुणा ओळखीच्याचं नाव सांगत येतात, फार तर घासाघीस करायला एखादा मेव्हणा आणतात. काखेत बारदानाची गुंडाळी मारून आलेला हा पहिलाच.

"दाने मी काढीन," पंजाबराव म्हणाला. "कट्ट्याच्या पोटातून. तोंडावरचे नाई."

"काढा ना. आपल्याले काई लपवाचं नाई," गोकुळ म्हणाला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

पंजाबरावाने कोपरापर्यंत हात घालून पाच-सहा कट्ट्यांच्या, म्हणजे भरलेल्या पोत्यांच्या, पोटातले दाणे काढले. शंभर मोजले. ओल्या बारदानावर दहा-दहाच्या ओळी लावल्या, वरून दुसरा पदर घातला आणि सुरळी करून सुतळीने बांधली. आता ती चार दिवस सावलीत ठेवायची, वरून पाणी शिंपडत राहायचं आणि पाचव्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. शंभरात सत्तरच्या वर कोंब आले तर बियाणं पेरायच्या लायकीचं, नाही तर तेलाच्या गिरणीला. ही रीत गोकुळला नवी नव्हती. तो स्वतःच प्रत्येक गिऱ्हाइकाला शंभर दाणे बांधून देत असे. बोरखेडीत घरचं सोयाबीन राखून बियाणं म्हणून विकणारा तो एकटा होता आणि दोन वर्षांत त्याचं नाव चिखलीपर्यंत गेलं होतं ते याच शंभर दाण्यांच्या जोरावर. पण आपण होऊन देणं निराळं आणि समोरच्याने न विचारता हात घालणं निराळं.

पाचव्या दिवशी पंजाबराव मालवाहू गाडी घेऊनच आला. "चौऱ्याऐंशी," एवढंच म्हणाला. भावाला त्याने खळखळ केली नाही. पंधरा कट्टे गाडीत चढले. आदळले तर दाण्याचं पातळ टरफल फुटतं म्हणून गोकुळ प्रत्येक कट्टा अंगावर घेऊन लेकरासारखा खाली ठेवत होता.

"अजून दोन पाह्यजेत," पंजाबराव म्हणाला. "ते कोपऱ्यातले?"

कोपऱ्यातल्या दोन कट्ट्यांवर कोळशाने 'जावेद' असं लिहिलं होतं. अक्षर जयमालाचं, म्हणजे गोकुळच्या बायकोचं.

गोकुळ क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, "घ्या."

जयमाला दारातच उभी होती. पंजाबराव गाडीकडे वळताच ती दबक्या आवाजात म्हणाली, "ते जावेदभाऊचे हायत ना?"

"जावेदले दुसरे देऊ."

"कोनते दुसरे? आपले पेरनीचे तीन सोडले तं घरात सुडीतलेच हायत."

सुडीतले म्हणजे दिवाळीआधीच्या पावसाने भिजलेले. कापून वावरात रचलेल्या सोयाबीनच्या ढिगावर, म्हणजे सुडीवर, ताडपत्री होती, पण एका बाजूने वाऱ्याने ती उचलली आणि तेवढी बाजू दोन दिवस ओली राहिली. दाणा वरून पिवळाधमक दिसत होता. तो बाजारात न्यायचा असं ठरलं होतं.

"जावेद काई परका हाय का? तो समजून घेईन," गोकुळ म्हणाला.

"सांगसान तं समजून घेईन."

गोकुळने पाण्यात फडकं बुडवून कट्ट्यांवरचं नाव पुसलं. कोळसा निघाला नाही, पसरला. तसेच काळे डाग घेऊन ते कट्टे पिंपळगावच्या वाटेला लागले. मग त्याने चुलीतला कोळसा आणला आणि सुडीच्या दोन कट्ट्यांवर स्वतःच्या हाताने 'जावेद' लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

जयमालाने त्या दोन कट्ट्यांतले शंभर दाणे काढून रांजणाखालच्या ओलीत बारदानात घातले. पाचव्या दिवशी सकाळी, गोकुळ दात घासत असताना, तिने सुरळी उघडली आणि दोनदा मोजलं.

"अठ्ठावन."

गोकुळने चूळ भरली. "दाट पेर म्हनू त्याले."

*

जावेद आणि गोकुळ अमडापूरच्या शाळेत एका बाकावर बसले होते. जावेद दहावीला दोनदा आपटला आणि वडिलांच्या, गुलजारचाचांच्या, लोहारकामाच्या दुकानात शिरला. चाचा विळे-कुऱ्हाडी घडवायचे. जावेदने वेल्डिंगची मशीन आणली आणि गेल्या तीन वर्षांपासून तो ट्रॅक्टरच्या मागे लावायची पेरणी यंत्रं बनवत होता. लोखंड कापण्यापासून रंग देण्यापर्यंत सगळं एका हाती. यंदा तीन यंत्रांची मागणी आधीच नोंदवली गेली होती.

बाजाराच्या दिवशी गोकुळ त्या दुकानात बसला नाही असं बावीस वर्षांत क्वचितच झालं असेल. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला समोरच्या टपरीवरून भरलेला कप यायचा. गोकुळ आला की जावेद ओरडून एकच चहा मागवायचा. अर्धा बशीत ओतायचा, बशी स्वतः घ्यायचा, कप गोकुळपुढे सरकवायचा. ही पद्धत खिशात फक्त एका चहाचे पैसे असायचे तेव्हा पडली होती आणि खिसे बरे झाल्यावरही मोडली नव्हती. गोकुळच्या वखराची पास, बैलबंडीचं जू, घराचं फाटक हे सगळं जावेदच्या हातचं, आणि कशाचाही भाव कधी निघाला नाही. मुगाची, तुरीची डाळ जावेदच्या घरी जायची, तिचाही निघाला नाही. दोघांनाही ते फार बरं वाटत असे. आपल्यात व्यवहार नाही हे दोघंही चारचौघांत जरा मोठ्याने सांगत.

जावेद मालवाहू रिक्षा घेऊन आला तो हसतच.

"कुठी हायत बे माहे कट्टे?"

जयमाला चिंधीत बांधलेले शंभर दाणे घेऊन बाहेर आली. तिने ते पुढे केले. "भाऊ, पेरनीले अजून टाइम हाय. चार दिवस बारदानात घालून पाहा."

"वहिनी, काय मजाक करता?" जावेदने हात मागे घेतले. "गोकुळच्या घरचं बी मी तपासू? उद्या तुमच्या हातची भाकर तोलून खाऊ का?"

"तसं नाई भाऊ. सगळ्याईलेच देतो आम्ही."

"सगळ्याईले द्या. मी सगळ्याईतला हाय का?"

जयमालाने नवऱ्याकडे पाहिलं. गोकुळला वाटलं, आता सांगावं. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. पण जावेद इतक्या आनंदात होता, आणि नाही म्हटलं तरी त्या बोलण्याने गोकुळची छाती फुगली होती. पंजाबरावाने कोपरापर्यंत हात घातला होता, हा हातही लावत नव्हता.

"जरा दाट पेरजो," तो म्हणाला.

"काऊन?"

"तुही जमीन बरड. बरड जमिनीत दाट बरं."

"हाव, पेरतो ना," जावेद म्हणाला. त्याने कट्टा उचलला, त्यावरचं नाव वाचलं आणि खो-खो हसला. "दहावीले पास कसा झाला रे तू? काय अक्षर हाय!"

रिक्षा गेली. जयमालाच्या हातात चिंधी तशीच राहिली. तिने ती दाराच्या खुंटीला अडकवली आणि तिथेच राहू दिली.

*

पाऊस झाला तो बेताचा झाला. जावेदची चार एकर अमडापूरच्या वरच्या अंगाला, मुरमाची, तिथे पाणी थांबत नाही. त्याने शुक्रवारी दुपारी दुकान बंद करून पेरणी उरकली. ट्रॅक्टर भाड्याचा, यंत्र स्वतः बनवलेलं, नवं. यंत्राचा हिरवा रंग अजून हाताला लागत होता. गोकुळची जमीन काळी, खोलगट. पाय टाकला की चिखल घोट्यापर्यंत. पेरण्याजोगा वाफसा यायला आठवडा तरी पाहिजे होता. त्यामुळे त्याला काम नव्हतं, आणि काम नसलं की माणसाला दिवस मोजायचं सुचतं.

शनिवार, रविवार तो घरात टिकला नाही. बैलांच्या शिंगांना तेल लावलं. एकदा लावलेलं पुन्हा लावलं. नांगराचा फाळ काढला, पाहिला, बसवला. सोमवारी सकाळी जेवताना त्याने ताटातला घास तसाच ठेवला आणि विचारलं, "आज किती दिवस झाले?"

"तीन," जयमाला म्हणाली. कशाचे ते तिने विचारलं नाही.

गुरुवारी त्याने जावेदला फोन लावला. उचलला नाही. दुपारी लावला. उचलला नाही. एरवी जावेद तोंडासमोर ठिणग्या उडत असतानाही गोकुळचा फोन उचलायचा. शुक्रवारी गोकुळ अमडापूरला निघाला आणि दुकानाच्या रस्त्याला न लागता पांदीच्या वाटेने थेट जावेदच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन उभा राहिला.

पेरणीच्या तासात, म्हणजे ओळीत, चार रोपं होती, मग हातभर काही नाही. मग दोन रोपं, मग पुन्हा मोकळी माती. काही ठिकाणी अख्खी तासं रिकामी. गोकुळ उकिडवा बसला. रिकाम्या जागी त्याने बोट घातलं. दाणा लगेच सापडला, दोन बोटांवर, जिथे असायला हवा तिथेच. फुगला होता, मऊ पडला होता. चिमटीत धरताच त्याचा चिखल झाला आणि आंबूस वास आला. त्याने बोटं मातीला पुसली, मग धोतराला पुसली, तरी वास जाईना.

"भाईजान?"

जावेदची बायको गौसिया दोन तासांपलीकडे वाकून रिकाम्या जागी टोकणी करत होती. ओढणी कंबरेला खोचलेली, हातात त्याच कट्ट्यातलं उरलेलं बियाणं. तिचा चेहरा उन्हाने आणि वाकून वाकून लाल झाला होता.

"पाह्यलं ना भाईजान? इनके मशीन का कसूर है," ती म्हणाली. "फन खोल गेला, दाना खाली पडला म्हनतात. तीन दिवस झाले, धड जेवले नाईत. मशीन उलटी करून बसले हायत. दोन गिऱ्हाइकं परत गेली. तिसरे अर्जुनराव, थे बी म्हनतात, मले नको."

गोकुळला खरं सांगायचं तर बरं वाटलं. अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटलं. यंत्राचा दोष! तो दोष कुणी काढला? खुद्द जावेदने. आपण तर काही बोललो नाही. हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं आणि मग त्याला स्वतःची किळस आली. तरीही तो गौसियाला म्हणाला, "होते असं कधी कधी, भाभी," आणि आल्या पांदीने परत गेला. दुकानाकडे गेला नाही.

जयमालाने त्याचा चेहरा पाहिला आणि पाण्याचा तांब्या दिला.

"काय म्हनाले भाऊ?"

"भेटला नाई. यंत्राचा दोष हाय म्हनून राह्यला. फन खोल गेला म्हने."

"गेला होता?"

"नाई. दोन बोटं. बरोबर."

जयमाला खाली बसली. तिने नवऱ्याच्या मातीने भरलेल्या पायांकडे पाहिलं.

"मंग तुमी काय म्हनले?"

"काई नाई."

"त्या मानसानं तुमच्या बियाण्याचा दोष सोताच्या हातावर घेतला अन् तुमी घरी आले?" तिचा आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या बैलाने मान वर केली. "त्याचं पोट त्या हातावर हाय. तुमचं बी एका सालचं हाय. त्याचं यंत्र एकदा बदनाम झालं तं उद्या कोन घेईन?"

गोकुळने तांब्या तोंडाला लावला. खुंटीवरची चिंधी त्याच्या समोरच लटकत होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात पोहोचला तेव्हा अर्जुनराव आधीच आलेले होते. अमडापूरचे मोठे शेतकरी, पांढरा शर्ट, आवाजही पांढऱ्या शर्टाचा. दुकानाच्या मधोमध हिरवं यंत्र पाय वर करून पडलं होतं. जावेदने त्याचे दोन फण कापून वेगळे केले होते. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली.

"ये," जावेद म्हणाला आणि सवयीने टपरीकडे ओरडला, "एक चहा!"

अर्जुनराव म्हणाले, "मी तुले नाव ठेवत नाई जावेद. पन तूच सांग, सोताच्या वावरात ज्याची उगवन नाई थे यंत्र मी कायले नेऊ?"

"मी फन कमी करून देतो. पुन्हा वेल्डिंग मारतो."

"नको. मले बुलढान्यात दुसरं भेटून राह्यलं."

जावेद मान खाली घालून हात पुसत राहिला. ज्या माणसाने कधी लोखंडापुढे मान वाकवली नाही तो मळक्या फडक्याने एकच बोट पुन्हा पुन्हा पुसत होता. चहा आला. जावेदने अर्धा बशीत ओतला आणि कप गोकुळकडे सरकवला. एवढ्या सगळ्यातही.

त्या कपाने गोकुळचं तोंड उघडलं.

"यंत्र बरोबर हाय," तो म्हणाला. "दाना दोन बोटांवर हाय. मी काल उकरून पाह्यला. बी खराब होतं."

अर्जुनराव वळले. जावेदने वर पाहिलंच नाही. त्याला वाटलं, हा दोस्ती निभावतोय.

"राहू दे गोकुळ. तुहं बी खराब कसं असन?"

"भिजलेलं होतं. सुडीतलं. तुहे कट्टे मी पिंपळगावच्या मानसाले देल्ले. तो तपासून घेत होता अन् तू..." गोकुळ अडखळला. "तू तपासनार नव्हता."

टपरीवर स्टोव्ह फरफरत होता. जावेदने फडकं खाली ठेवलं.

"उगवन किती होती?"

"अठ्ठावन."

"तुले मालूम होतं?"

"हाव."

"वहिनीले?"

"हाव. तिनंच मोजले."

"म्हनजे मले सोडून सगळ्याईले मालूम होतं," जावेद म्हणाला. आवाज अगदी साधा होता, किंमत विचारल्यासारखा. "अन् दाट पेर म्हनला, थे बरड जमिनीसाठी नाई."

अर्जुनरावांनी खाकरून घसा साफ केला. माणूस वाईट नव्हता. "मंग तं यंत्राचा काई दोषच नाई," ते म्हणाले. "जावेद, थे फन होते तसे जोड. चार-पाच रोजात ट्रॅक्टर पाठवतो मी." आणि दोघांकडेही न बघता ते घाईने निघून गेले.

"माह्या पेरनीचे तीन कट्टे हायत," गोकुळ म्हणाला. "पिंपळगाववाल्याले देल्ले त्यातलेच. चौऱ्याऐंशीवाले. दोन तू ने. आजच आनतो. वाफसा हाय, उद्या मोडून पेर. माह्या वावरात मी तूर टाकीन."

जावेदने यंत्राचा कापलेला फण उचलून बाजूला ठेवला.

"शंभर दाने आन," तो म्हणाला.

गोकुळला आधी समजलं नाही. "अरे, चार दिवस जातीन! वाफसा निघून गेला तं?"

"जाऊ दे."

"जावेद, माह्या गळ्याची आन..."

"आन नको घेऊ. दाने आन."

*

त्या चार दिवसांत सगळीकडे पेरण्या उरकत आल्या. गोकुळने तीनपैकी दोन कट्टे बाजूला ठेवले, एका कट्ट्यात जेवढं रान भागलं तेवढं पेरलं आणि उरलेल्या रानात तूर टाकली. दिवसभर तिफणीमागे चालूनही त्याला झोप लागेना. सकाळी उठून तो आधी आभाळ पाही, मग वरच्या अंगाची जमीन वाळत असेल या विचाराने कासावीस होई. चांगलं बियाणं घरात होतं, माती ओली होती, आणि मधे फक्त त्याचा शब्द होता. तो शब्द कुणी घेत नव्हता.

पाचव्या दिवशी तो रिक्षात दोन कट्टे घालूनच दुकानात गेला. यंत्र आता सरळ उभं होतं, फण जोडलेले, जोडावर नवा हिरवा रंग. अर्जुनरावांचा ट्रॅक्टर ते न्यायला येणार होता. जावेदने कोपऱ्यातली सुरळी आणली, यंत्राच्या पेटीवर ठेवली आणि सुतळी सोडली. पांढरे, वाकडे, टपोरे कोंब उजेडात आले. ठिणग्यांनी भाजलेल्या बोटाने तो एकेक ओळ मोजू लागला. ओठ हलत होते. शेवटाला पोहोचला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. गोकुळ उभा राहून दोन्ही वेळा मनात मोजत होता.

"त्र्याऐंशी," जावेद म्हणाला. "चांगलं हाय."

"हाव ना," गोकुळ घाईने म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याने बाहीला पुसलं. "चाल, आताच नेऊन टाकतो वावरात."

"भाव सांग."

"कायचा भाव बे?"

"पिंपळगाववाल्याले जो लावला, तो. कमी नको, जास्त नको." आणि टपरीकडे तोंड करून त्याने आवाज दिला, "दोन चहा दे!"

दोन भरलेले कप आले. जावेदने आपला उचलला आणि यंत्राला टेकून उभ्याउभ्याच प्यायला लागला. गोकुळ लाकडी पेटीवर बसला. हाताने आपलं काम केलं. त्याने अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी जावेदच्या बाजूला सरकवली.

जावेदने बशीकडे पाहिलं. मग नट आवळायला वाकला.

बाहेर अर्जुनरावांचा ट्रॅक्टर येऊन थांबला. बशीतल्या चहावर साय धरली. गोकुळने बशीतला चहा परत कपात ओतला आणि भाव सांगितला.